उकलीची किंमत : त्रुटिसुधारक संकेत आणि क्वांटम डिकोडर यांचा इतिहास

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात संकेत रचणाऱ्यांची नावे ठळकपणे नोंदवली जातात आणि ते उकलणाऱ्या यंत्रांची दखल तळटिपेपुरती घेतली जाते. प्रत्यक्षात मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत कोणता संकेत घरोघरी पोहोचला आणि कोणता ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहिला, हे बहुतेक वेळा उकलणाऱ्या यंत्राच्या ऐपतीने ठरवले आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही संशोधकांनी हे उकलण्याचे काम क्वांटम यंत्राकडे सोपवून पाहिले. त्या प्रयोगांचे मोल ठरवायचे तर आधीच्या यंत्रांना लावलेलीच कसोटी त्यांनाही लावावी लागते, आणि म्हणून हा इतिहास रिलेच्या खडखडाटापासून सांगावा लागतो.

मोबाइल फोन, वाय-फाय किंवा उपग्रह यांच्या लहरींतून जाणारा मजकूर शून्य आणि एक या दोन चिन्हांत, म्हणजे बिटांत, मांडलेला असतो. वाटेत गोंगाट मिसळतो, इमारतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींवर आदळतात आणि काही बिटे उलटी होऊन पोहोचतात. यावर उपाय म्हणून पाठवणारे यंत्र मूळ बिटांना ठरावीक नियमाने काढलेली जादा बिटे जोडते. या नियमाला त्रुटिसुधारक संकेत किंवा कोड म्हणतात. ग्राहक बाजूच्या यंत्राने आलेल्या विस्कटलेल्या बिटांवरून मूळ मजकूर कोणता असावा याचा निवाडा करायचा असतो. त्या निवाड्याला उकल किंवा डिकोडिंग आणि तो करणाऱ्या मंडलाला डिकोडर म्हणतात. जादा बिटे जोडणे हे हिशेबाचे सोपे काम आहे. निवाडा करणे हे शोधाचे काम आहे, आणि शोधाला वेळ व वीज दोन्ही लागतात.

या विद्येची सुरुवात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथे पसरलेल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये झाली. रिचर्ड हॅमिंग तेथे १९४६ मध्ये रुजू झाले आणि विद्युत रिलेंवर चालणाऱ्या गणकयंत्रावर आपली गणिते लावू लागले. हे यंत्र स्वतःची चूक ओळखू शकत असे. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत चूक आढळली की ते थांबे आणि देखरेख करणारी माणसे ती दुरुस्त करत, पण शनिवारी-रविवारी कोणी हजर नसल्यामुळे ते अडलेले गणित टाकून पुढचे हाती घेई. हॅमिंग यांची गणिते सलग दोन आठवड्यांच्या अखेरीस अशी वाया गेली, आणि यंत्राला चूक झाल्याचे कळते तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांच्या उत्तरात चार बिटांच्या मजकुराला तीन तपासणी-बिटे जोडलेली असतात. प्रत्येक तपासणी-बिट काही निवडक बिटांतील एकांची संख्या सम राहील अशा बेताने ठरवले जाते. याला समता-तपासणी म्हणतात. ग्राहकाने तिन्ही तपासण्या पुन्हा केल्या की त्यांच्या निकालांतून एक तीन बिटांची संख्या मिळते आणि ती संख्याच चुकलेल्या बिटाचा क्रमांक सांगते. उकलीचा सारा खर्च तीन बेरजांचा आहे, आणि एवढी स्वस्त उकल पुढे क्वचितच कोणाच्या वाट्याला आली.

हॅमिंग यांचा निबंध १९५० मध्ये छापला गेला, परंतु त्याच्या दोन वर्षे आधी त्याच संस्थेतील क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रसिद्ध प्रबंधात या संकेताचा उल्लेख केला होता. शॅनन यांचे प्रतिपादन हॅमिंग यांच्या उपायापेक्षा फार व्यापक होते. प्रत्येक वाहिनीची गोंगाटासह एक निश्चित क्षमता असते, आणि त्या क्षमतेच्या आत राहून पाठवलेला मजकूर हवा तितका बिनचूक पोहोचवता येईल असे संकेत अस्तित्वात आहेत, हे त्यांनी सिद्ध केले. सिद्धतेसाठी त्यांनी यदृच्छेने निवडलेल्या संकेतांची सरासरी घेतली; तसा संकेत उकलायचा तर प्रत्येक संभाव्य मजकुराशी आलेला संदेश ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. मजकूर अवघा १०० बिटांचा असला तरी अशा शक्यतांची संख्या ३१ अंकी होते. म्हणजे शॅनन यांनी मुक्कामाचे ठिकाण दाखवले, पण प्रवासखर्चाचा आकडा सांगितला नाही. पुढील पन्नास वर्षे संकेतशास्त्र तो खर्च परवडेल अशा वाटा शोधत राहिले.

पहिल्या वाटा बीजगणिताच्या होत्या. शॅनन यांच्या लेखातील उदाहरण पाहून मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये अर्ध्या पानाच्या टिपणात आपला संकेत मांडला आणि त्याचाच २४ बिटांचा विस्तार पुढे व्हॉयेजर यानांनी गुरू व शनी यांची रंगीत छायाचित्रे पाठवताना वापरला. फ्रान्समध्ये अलेक्सी ओकेंगेम यांनी १९५९ मध्ये आणि अमेरिकेत राज चंद्र बोस व त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र कुमार रायचौधुरी यांनी १९६० मध्ये स्वतंत्रपणे शोधलेला संकेतसमूह त्या तिघांच्या आद्याक्षरांवरून बीसीएच म्हणून ओळखला जातो. बोस कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर काम करून नंतर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले होते, आणि शेतीच्या प्रयोगांत कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे लावावे हे ठरवण्यासाठी विकसित झालेले सांत भूमितीचे ज्ञान त्यांनी या कामी आणले. त्याच वर्षी अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचा संकेत प्रसिद्ध झाला, जो पुढे कॉम्पॅक्ट डिस्कमुळे दिवाणखान्यांत पोहोचला. या सर्वांची उकल समीकरणे सोडवून होत असे आणि ती नेटकी होती. मात्र त्यांतला कोणताही संकेत शॅनन यांनी दाखवलेल्या क्षमतेच्या सीमेजवळ जात नव्हता.

सीमेजवळ जाणारा संकेत त्याच सुमारास सापडला होता, ही या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट गॅलॅगर यांनी १९६० मध्ये पूर्ण केलेला आणि १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आलेला प्रबंध विरळ समता-तपासणी संकेतांवर होता. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एलडीपीसी म्हणतात. संकेत हजारो बिटांचा लांब असू द्यावा, पण प्रत्येक तपासणीत मोजकीच बिटे आणि प्रत्येक बिट मोजक्याच तपासण्यांत असावे, अशी ही रचना आहे. तिची उकल गॅलॅगर यांनी संवादासारखी मांडली. प्रत्येक बिट आपण शून्य की एक याविषयीची आपली खात्री किती, हे आपल्या तपासण्यांना कळवते; प्रत्येक तपासणी बाकीच्या बिटांचे म्हणणे जमेस धरून त्या बिटाला आपला अंदाज परत कळवते; आणि अशा फेऱ्या सर्व तपासण्या जुळेपर्यंत किंवा ठरलेली फेऱ्यांची संख्या संपेपर्यंत चालू राहतात. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात जुडिया पर्ल यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धतीमुळे या क्रियेला बिलीफ प्रॉपगेशन हे नाव मिळाले. मराठीत तिला विश्वासप्रसारण म्हणता येईल. प्रत्येक बिटामागे प्रत्येक फेरीत अपूर्णांकांची गणिते करणे १९६० च्या दशकातील मंडलांच्या आवाक्याबाहेरचे होते. एक मायकेल टॅनर यांचा १९८१ मधील निबंध सोडला तर गॅलॅगर यांचे संकेत तीन दशके जवळपास विस्मृतीत गेले. त्यांच्यात दोष नव्हता, त्यांना पेलणारे यंत्र नव्हते.

त्या तीन दशकांत राज्य केले ते अँड्र्यू व्हिटर्बी यांच्या पद्धतीने. पीटर इलायस यांनी १९५५ मध्ये सुचवलेल्या संवलन संकेतांत प्रत्येक बिटाचा ठसा पुढील काही बिटांवर उमटत राहतो. असा संकेत उकलताना प्रत्येक क्षणी प्रत्येक अवस्थेला, म्हणजे आधीच्या काही बिटांच्या प्रत्येक शक्य मांडणीला, पोहोचणारी सर्वांत संभाव्य एकच वाट ठेवावी आणि बाकीच्या तिथल्या तिथे सोडून द्याव्यात, हे व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दाखवले. सिद्धतेची सोय म्हणून मांडलेली ही युक्ती प्रत्यक्ष यंत्रात बसते हे इतरांच्या नंतर लक्षात आले. तिचा खर्च अवस्थांच्या संख्येने ठरतो, आणि संकेताची स्मृती एका बिटाने वाढली की तो दुप्पट होतो. म्हणून या काळाचा इतिहास अवस्थांच्या संख्येतच वाचता येतो : व्हॉयेजरच्या संकेताला ६४ अवस्था होत्या, युरोपात ठरलेल्या जीएसएम मोबाइल पद्धतीच्या संकेताला बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राकडे पाहून १६ ठेवल्या गेल्या, तर क्वालकॉमच्या सीडीएमए पद्धतीत २५६ परवडू लागल्या.

जीएसएमची बोलण्यासाठीची मूळ व्यवस्था तर काटकसरीचा नमुनाच होती. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे २६० बिट होत. त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या ५० बिटांना चूक ओळखण्याची तपासणी आणि संकेताचे संरक्षण अशी दोन्ही कवचे, पुढच्या १३२ बिटांना केवळ संकेताचे, आणि उरलेल्या ७८ बिटांना काहीच नाही, कारण ती चुकली तरी कानाला फारसे जाणवत नाही. अशा रीतीने २६० चे ४५६ बिट होऊन हवेत जात. भारतात १९९५ मध्ये सुरू झालेल्या मोबाइल सेवेतील सुरुवातीच्या संचांमध्ये, मग ते मुंबईत असोत वा कलकत्त्यात, प्रत्येक वाक्यामागे व्हिटर्बी यांची ही छाटणी सेकंदाला पन्नास वेळा चालत असे.

१९९३ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत क्लोद बेरू, आलँ ग्लाव्हिय आणि पुण्य थितिमाजशिमा यांनी टर्बो संकेत मांडले, तेव्हा जमलेल्या तज्ज्ञांचा प्रथम विश्वास बसला नाही. संकेताची लांबी ६५,५३६ बिटांची ठेवून आणि दोन डिकोडरांमध्ये अंदाजांची १८ वेळा देवाणघेवाण घडवून ते शॅनन यांच्या सीमेपासून ०.७ डेसिबलपर्यंत पोहोचल्याचे सांगत होते. डेसिबल हे संदेशाच्या व गोंगाटाच्या बळाचे गुणोत्तर मोजण्याचे एकक आहे आणि या क्षेत्रात अर्ध्या डेसिबलसाठी वर्षे खर्ची पडत आली होती. इतरांनी ते निकाल पडताळून पाहिले आणि ते खरे निघाले. बेरू मुळात मंडलांची रचना करणारे अभियंते होते, आणि बीजगणिताच्या परंपरेबाहेरच्या माणसाने हा शोध लावावा यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही : सिद्धता नंतर पाहू, आधी यंत्र चालते का ते बघू, ही वृत्ती त्या वेळी कामास आली. त्यांच्या यशामुळे केंब्रिजमधील भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मकाय आणि रॅडफर्ड नील यांनी पुन्हा शोधून काढलेल्या गॅलॅगर यांच्या संकेतांकडेही लक्ष वळले. २००१ मध्ये चुंग, फॉर्नी, रिचर्डसन आणि ऊर्बांके यांनी शॅनन यांच्या सीमेपासून ०.००४५ डेसिबलपर्यंत पोहोचू शकणारा एलडीपीसी संकेत गणिताने दाखवला. टर्बो संकेत तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांत गेले. एलडीपीसी उपग्रह दूरचित्रवाणीत, २००९ च्या वाय-फाय मानकात आणि शेवटी पाचव्या पिढीत आले.

पाचव्या पिढीचा निर्णय २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिस्बन आणि नोव्हेंबरमध्ये रिनो येथील बैठकांत झाला. मजकुराच्या वाहिनीसाठी एलडीपीसी, तर जाळ्याच्या नियंत्रणाच्या छोट्या संदेशांसाठी ध्रुवीय संकेत स्वीकारले गेले. हे दुसरे संकेत अंकारा येथील बिल्केंट विद्यापीठाचे एर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये मांडले होते, आणि अरिकान हे गॅलॅगर यांचेच विद्यार्थी होते. गुरूचा संकेत छप्पन्न वर्षांनी आणि शिष्याचा सात वर्षांनी एकाच मानकात यावा, यात गुणवत्तेपेक्षा त्या-त्या काळच्या सिलिकॉनचा वाटा मोठा आहे.

सीमा गाठली तरी खर्चाचा प्रश्न मिटला नव्हता. एल्विन बर्लेकॅम्प, रॉबर्ट मॅकएलिस आणि हेंक व्हान टिलबोर्ग यांनी १९७८ मध्येच सिद्ध केले होते की कोणत्याही रेषीय संकेताची सर्वोत्तम उकल शोधणे हा एनपी-पूर्ण वर्गातील प्रश्न आहे. म्हणजे आकार वाढत गेला तरी आटोक्यात राहील अशी सर्वसाधारण पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही आणि ती नसावी असाच बहुतेकांचा तर्क आहे. विश्वासप्रसारण ही सर्वोत्तम उकल नव्हे. बिटे आणि तपासण्या यांच्या जाळ्यात वळसे असले की एकाच बिटाचा अंदाज फिरून त्याच्याकडेच नवी साक्ष म्हणून परत येतो आणि निवाडा बिघडू शकतो. त्यातच फोनच्या चिपमध्ये जागा आणि वीज वाचवण्यासाठी अपूर्णांक मोजक्या बिटांत कोंबले जातात, लॉगरिदमची सूत्रे साध्या तुलनेवर उतरवली जातात आणि फेऱ्यांना मर्यादा घातली जाते. घाई तर अपरिहार्यच असते : पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये संदेशाची एक चौकट (फ्रेम) संपल्यापासून १६ मायक्रोसेकंदांत पोच द्यायला सुरुवात करावी लागते. गणिताने दाखवलेली सीमा आणि बाजारातील चिप यांच्यामध्ये त्यामुळे काही फट उरते, आणि क्वांटम यंत्राचा विचार याच फटीतून आत आला.

तो विचार मात्र संकेतशास्त्रातून निघाला नाही. त्याचे मूळ चुंबकांच्या भौतिकशास्त्रात आहे. ज्या पदार्थांत शेजारी अणूंच्या चुंबकीय दिशांमध्ये काही जोड्यांना एकच दिशा हवी असते आणि काहींना विरुद्ध, त्यांना स्पिन ग्लास म्हणतात. सर्वांचे समाधान होत नाही आणि सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी शोधणे अत्यंत कठीण होऊन बसते. पॅरिसमधील निकोला सूर्लास यांनी १९८९ मध्ये दाखवले की त्रुटिसुधारक संकेताची उकल हा नेमका हाच प्रश्न आहे. प्रत्येक बिट हा एक चुंबक मानावा, प्रत्येक तपासणी ही त्यांच्यातील आंतरक्रिया मानावी आणि आलेला गोंगाटयुक्त संदेश हे बाहेरचे क्षेत्र मानावे. मग सर्वांत संभाव्य मजकूर म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी. त्याच वर्षी कलकत्त्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधील बिकास चक्रवर्ती यांनी दोन सहकाऱ्यांसह असे सुचवले की अशा पदार्थात आडव्या चुंबकीय क्षेत्राने क्वांटम चंचलता निर्माण केली, तर उंच पण अरुंद ऊर्जा-अडथळे आरपार भेदले जाऊ शकतात. खंडाळ्याचा घाट चढून उतरण्याऐवजी बोगद्यातून पलीकडे जाण्यासारखे हे आहे, फक्त येथे बोगदा कोणी खणलेला नसतो. या दोन निबंधांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्या वेळी कोणाला जाणवल्याचे दिसत नाही.

धातू तापवून सावकाश निववला की त्यातील अणू नीट बसतात, या क्रियेला ॲनीलिंग म्हणतात, आणि स्कॉट कर्कपॅट्रिक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तिच्या नकलेतून संगणकावर कमी ऊर्जेच्या मांडण्या शोधण्याची रीत घालून दिली होती. तोक्यो येथील तादाशी कादोवाकी आणि हिदेतोशी निशिमोरी यांनी १९९८ मध्ये उष्णतेच्या जागी क्वांटम चंचलता ठेवून ती हळूहळू ओसरू देण्याची पद्धत मांडली. तीच क्वांटम ॲनीलिंग. निशिमोरी यांचे नाव येथे दोनदा घ्यावे लागते, कारण १९९३ मध्ये त्यांनी याच क्षेत्रातील एका बारकाव्यावर काम केले होते. संपूर्ण मजकूर बिनचूक हवा असेल तर किमान ऊर्जेची मांडणी योग्य ठरते, पण चुकलेल्या बिटांची संख्या कमीत कमी ठेवायची असेल तर एका विशिष्ट तापमानाला दिसणाऱ्या अनेक मांडण्यांची सरासरी अधिक चांगली ठरते, आणि ते तापमान गोंगाटाच्या प्रमाणावरून ठरते. या निष्कर्षाचे महत्त्व पुढे एका अनपेक्षित ठिकाणी उघड झाले.

कॅनडातील डी-वेव्ह या कंपनीने २०११ मध्ये १२८ क्यूबिटांचे ॲनीलर विकायला काढले. क्यूबिट म्हणजे शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकणारे बिट. या यंत्रात ते अतिवाहक धातूच्या सूक्ष्म वेटोळ्यांचे असते आणि निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारे दीड शतांश इतक्याच तापमानात ठेवावे लागते. हे सर्वसाधारण संगणन करणारे यंत्र नाही. त्याला चुंबकांची एक मांडणी द्यावी आणि त्याने कमी ऊर्जेची उत्तरे द्यावीत एवढेच त्याचे काम आहे. उकलीचा प्रश्न त्यावर घालून पाहणारे पहिले लोक बिनतारी क्षेत्रातले नव्हते. २०१४ मध्ये कंपनीच्याच संशोधकांनी मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडून १,००० चलांपर्यंतच्या एलडीपीसी उकलीचे प्रयोग प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये निकोलस चॅन्सेलर, पॉल वॉरबर्टन आणि सहकाऱ्यांनी यंत्राचा एक दोषच उपयोगाला लावला : यंत्र कितीही थंड असले तरी ते किमान ऊर्जेचे उत्तर दर वेळी न देता आसपासची उत्तरेही देते, आणि निशिमोरी यांच्या सिद्धान्ताप्रमाणे या उत्तरांची सरासरी घेतली तर बिटांच्या चुका किंचित कमी होतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले.

बिनतारी जाळ्यांच्या अभियंत्यांनी हा धागा प्रिन्स्टन विद्यापीठात उचलला. मिनसंग किम, दाविदे व्हेन्तुरेली आणि काइल जेमिसन यांनी २०१९ मध्ये २,०३१ क्यूबिटांच्या डी-वेव्ह यंत्रावर ४८ वापरकर्ते आणि ४८ अँटेना यांच्या एकमेकांत मिसळलेल्या लहरी वेगळ्या करण्याचा प्रयोग मांडला. हे त्रुटिसुधारणेच्या आधीचे काम होते. पुढच्या वर्षी श्रीकर कासी आणि जेमिसन यांनी प्रत्यक्ष एलडीपीसी उकलीसाठी क्वांटम बिलीफ प्रॉपगेशन नावाची रचना प्रसिद्ध केली. नाव जुन्या पद्धतीचे असले तरी फेऱ्यांचा संवाद तिच्यात नाही. प्रत्येक तपासणीसाठी तिच्यातील बिटांच्या बेरजेतून एका साहाय्यक क्यूबिटाची दुप्पट वजा करून वर्ग घेतला जातो. बेरीज सम असेल तर हा वर्ग शून्यापर्यंत उतरतो, विषम असेल तर कधीच उतरत नाही, आणि अशा रीतीने समतेचा नियम ऊर्जेच्या भाषेत येतो. त्यात आलेल्या संदेशापासून किती दूर गेलो याचा दंड मिळवला की संपूर्ण उकल एका सूत्रात बसते. दोन पदांना किती वजन द्यायचे हे मात्र अनुभवाने ठरवावे लागते.

खरी अडचण सूत्राची नसून जागेची होती. त्यांनी वापरलेल्या डी-वेव्ह यंत्रातील क्यूबिट फार तर सहा शेजाऱ्यांशी जोडता येत असे, त्यामुळे सूत्रातील एक बिट अनेक क्यूबिटांच्या साखळीने दाखवावे लागते आणि साखळीतील सर्वांनी एकच उत्तर द्यावे म्हणून त्यांना घट्ट बांधावे लागते. बंध सैल ठेवला तर साखळी तुटते, फार आवळला तर मूळ प्रश्न त्याच्यापुढे फिका पडतो. परिणामी २,०४८ क्यूबिटांच्या यंत्रावर ४२० बिटांपर्यंतचाच संकेत मावला, आणि तोही प्रत्येक बिट दोनच तपासण्यांत असणारा, जो प्रकार दुबळा असल्याचे गॅलॅगर यांनीच दाखवून ठेवले होते. वाय-फायच्या मानकातील सर्वांत लहान एलडीपीसी संकेत ६४८ बिटांचा आहे. पाचव्या पिढीत एका ठोकळ्यातील मूळ मजकूरच ८,४४८ बिटांपर्यंत जातो. प्रत्यक्ष वापरातील आकाराचे संकेत या यंत्रावर बसत नाहीत, हे लेखकद्वयाने स्वतःच स्पष्ट नोंदवले आहे.

त्यांचे आकडे आकर्षक होते. नऊ डेसिबलच्या संदेश-गोंगाट गुणोत्तराला २० मायक्रोसेकंदांत दहा कोटी बिटांत एक एवढे चुकांचे प्रमाण, आणि वापराच्या जागीच पुनर्रचना करता येणाऱ्या एफपीजीए चिपवरील डिकोडरपेक्षा २.५ ते ३.५ डेसिबल कमी बळाच्या संदेशावर तोच दर्जा, असा त्यांचा निष्कर्ष होता. या मोजमापांकडे सावधपणे पाहणे भाग आहे. वीस मायक्रोसेकंद हा ॲनीलिंगच्या क्रियेचा काळ आहे. प्रश्न यंत्रात भरण्याचा आणि उत्तर वाचून घेण्याचा काळ त्यात धरलेला नाही, आणि त्या काळच्या यंत्रांत तो मिलिसेकंदांच्या घरात होता. वाय-फायला पोच देण्यासाठी मिळणाऱ्या १६ मायक्रोसेकंदांशी तुलना केली की अंतर लक्षात येते. म्हणूनच असे यंत्र मनोऱ्याखाली बसवण्याऐवजी अनेक मनोऱ्यांची गणिते एकाच केंद्रात करणाऱ्या मोबाइल जाळ्यात ठेवण्याची कल्पना मांडली गेली. शीतकपाटासह सुमारे २५ किलोवॅट वीज घेणारे यंत्र दुसरीकडे परवडणार नव्हतेच. कासी, वॉरबर्टन, जॉन केवेल आणि जेमिसन यांनी या खर्चाचा वेगळा अभ्यास करून काढलेल्या अनुमानानुसार नेहमीच्या चिपांपेक्षा विजेत बचत व्हायला दहा लाखांहून अधिक क्यूबिटांचे यंत्र लागते. २०२० मध्ये आलेल्या डी-वेव्हच्या पुढच्या पिढीत क्यूबिट ५,००० च्या थोडे वर आणि प्रत्येकाचे शेजारी १५ होते.

दुसरी एक शाखाही येथे नोंदवायला हवी. बेल लॅबोरेटरीजमध्येच लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये दाखवले की अव्यवस्थित यादीत शोध घ्यायला क्वांटम संगणकाला यादीच्या लांबीच्या वर्गमुळाइतक्याच पायऱ्या लागतात. साउदम्पटन येथील लायोश हान्झो आणि सहकाऱ्यांनी २०१३ पासून त्यावर आधारलेले बिनतारी ग्राहक कागदावर रचले. १०० बिटांच्या मजकुराचा शोध त्यामुळे ३१ अंकी संख्येवरून १६ अंकी संख्येवर येतो, जी मोबाइलच्या घड्याळात अजूनही फारच मोठी आहे, आणि मुळात त्यासाठी लागणारा बिनचूक क्वांटम संगणक उपलब्ध नाही.

तो उपलब्ध व्हावा म्हणून चाललेल्या खटाटोपात उकलीचा प्रश्न उलट बाजूने परत आला आहे. पीटर शोर यांनी १९९५ मध्ये क्यूबिटांसाठी पहिला त्रुटिसुधारक संकेत दिला, आणि तेव्हापासून क्वांटम संगणकाच्या प्रत्येक आराखड्यात एक नेहमीचा, सिलिकॉनवरचा डिकोडर गृहीत धरलेला असतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या विलो चिपच्या प्रयोगात तपासणीचे एक आवर्तन १.१ मायक्रोसेकंदांत होत होते आणि लहान संकेतासाठी डिकोडरचा निवाडा सरासरी ६३ मायक्रोसेकंदांनी मागे चालत होता. त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी २८८ क्यूबिटांत १२ तार्किक, म्हणजे चुकांपासून राखलेले, क्यूबिट सांभाळणारा जो संकेत मांडला, तो एलडीपीसी घराण्यातला आहे. त्याच्या उकलीसाठी त्यांनी विश्वासप्रसारणच वापरले, आणि क्वांटम तपासण्यांच्या जाळ्यातील आखूड वळशांमुळे ते जेथे अडते तेथे समीकरणे सोडवण्याची आणखी एक पायरी जोडली. ही सारी गणिते नेहमीच्या संगणकावर झाली.